जनावर दिसलं तर

"आये, तुला काय बी करायचं न्हाय. नुसतं बसायचं आणि बघायचं," नागेश म्हणला, आणि माझ्या डोक्यात तिडीकच गेली.

खुबा मोडल्यापासनं घरात माझ्यासाठी एकच शब्द ऱ्हायलाय, बस. बस गं आये. बसा आत्याबाई. आमचं मालक तर उसाला पाणी धरून आलं की दारातनंच, "बस सारजे, उठू नगं." आरं, मी काय देव्हाऱ्यातला देव हाय व्हय, बसवला की बसला? धुण्याच्या दगडावर पाय घसरला, तेवढाच माझा गुन्हा. डाक्टरनं आत सळई घातली, पाय आखूड झाला, आणि तवापासनं त्यो चार पायांचा वाकर सवतीवानी माझ्या उशाला उभा असतो. दोघांनी धरलं तर पायरी चढते, न्हायतर न्हाय.

पण सहल म्हणल्यावर मी तिडीक गिळली. कोऱ्हाळ्यातल्या त्या चार भिंती बघून बघून मला वीट आला व्हता. कुणी स्मशानात नेतो म्हणलं असतं तरी मी लुगडं नेसून तयार झाले असते.

नागेश माझा पोरगा, बारामतीला दूध डेरीत कामाला. तितं त्याच्या वळखीचा रविराज म्हणून एक शिकलेला पोरगा व्हता, त्याचं निसर्ग मंडळ. मोरगावच्या पलीकडं माळावर सरकारनं नव्यानं अभयारण्य केलं व्हतं, सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. चिंकारा हरणं, लांडगं, खोकडं. मंडळ तितं माणसं न्यायचं. सहल दोन तऱ्हेची. एक पायी, म्हंजे फाटकावर उतरायचं आणि माळातनं चालत मचाणापतोर जायचं. दुसरी बसची. बस मुरमाच्या वाटेनं हळूहळू आतनं फिरणार, खिडकीतनं बघायचं.

"पायी सहल लई भारी असती म्हणं," सुकन्या म्हणली. सुकन्या माझी सून, बावड्याची. जिभेला हाड न्हाय, पण मनानं निर्मळ.

"मग तू जा की मला पाठकुळी घिऊन," मी म्हणलं. ती पदर तोंडाला लावून हसायला लागली.

मालकांना सहलच पटत नव्हती. "आगं, त्या माळावर आपुण मेंढरं चारली. जन्म गेला तितं. आता पैसं दिऊन काय बघायचं ऱ्हायलंय?"

"तवा मेंढरं बघितली. माळ बघायला येळ कुठं व्हता?"

"लांडगं बघितलंस की. त्येंच्यामागं धोंडं घिऊन पळायचीस."

"मग आता बसून बघते," मी म्हणलं. गंमतच हाय बघा. ज्याला आमी उभा जन्म हाकललं, त्याला आता सरकार राखतंय.

मी नागेशला धरून नीट सगळं इच्यारलं. पायरी केवढी उंच? मधी कुठं उतरावं लागतंय का? आणि लघवीला कुठं जायचं? पोरगं लाजलं. म्हणलं, लाजू नगंस, हरणं बघणाऱ्या बाईला बी लघवी येती. त्यो म्हणला, उतरावं लागणार न्हाय आणि सोय बी न्हाय. म्हणून मी आदल्या सांजंपासनं चहा सोडला. धडधाकट माणसाला ह्यातलं काय बी सुचत न्हाय, त्यांना वाटतं खिडकीजवळची जागा दिली की झालं.

बस ठरली. आणि बस ठरल्यावर सुकन्या म्हणली, "मग स्वरालीला बी नेऊया की. आत्याबाई बसणारच हायत, त्येंच्यापाशी ऱ्हाईल."

स्वराली माझी नात, चार वर्साची. पायाला भिंगरी बांधलेली. ती पळाली तर तिच्यामागं जायला माझ्याकडं काय हाय, वाकर? मी त्या टायमालाच म्हणलं, "सुकन्या, पोर माझ्या भरवशावर सोडू नगं. तोंडानं राखीन मी, पायानं न्हाय राखता यायची."

"बसमधी काय व्हतंय आत्याबाई," ती म्हणली.

त्या दिवसापासनं पोरीला दुसरा इषय नव्हता. "आजी, जनावरं बघायला जायचं ना? मोठी मोठी जनावरं?" मी म्हणायची, "व्हय गं माझी राणी, जनावरं बघायची." दिवसभर आमचं त्येच.

रविवारी सकाळी बस दारात आली. लहान गाडी, पाठीमागं लांब बाक. पुढं बसायची माझी इच्छा व्हती, पण पुढं पाय दुमडायला लागत व्हता. रविराज वाकून म्हणला, "आजी, तुम्ही मागचा बाक घ्या. आडवा पाय ठेवता येईल." बोलायला गोड पोरगं. नागेशनं आणि डायवर कुंडलिकनं दोन्हीकडनं धरून मला वर चढवलं. बाकावर पाय लांब केला, वाकर घडी घालून अंगाशी ठेवला. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

अभयारण्यात सरपण तोडायला बंदी, म्हणून फाटकावर खिचडी करायला जळण हितनंच न्यायचं व्हतं. मालकांनी बांधावरच्या ढिगातनं बाभळीची मोळी काढून दिली, पेटवायला पाचटाचा भारा. वरीसभर त्यो ढीग कुणी हलवला नव्हता. कुंडलिकनं मोळी आणि भारा माझ्या बाकाखाली सारला. भाऱ्याला दंवाचा ओला वास येत व्हता.

"नीट जा," मालक म्हणलं. त्येंच्या आवाजात काय तरी व्हतं, का आता मला तसं वाटतं, देवाला ठाऊक.

मोरगाव सुटलं आणि माळ लागला. बया बया! थंडीचं दिस, वाळकं पिवळं गवत, वर मोकळं आभाळ. माझं डोळं भरून आलं. रविराज पुढं उभा ऱ्हाऊन सांगत व्हता, "एकच नियम आहे. जनावर दिसलं तर ओरडायचं नाही. हात वर करायचा, बोट दाखवायचं. एक माणूस ओरडला तर सगळ्यांची सहल वाया जाते." सगळ्यांनी माना डोलावल्या. स्वरालीनं तर तोंडावर बोट ठिवलं ते काढंचना.

ऊन चढलं तशी पाठीमागच्या काचेतनं धग यायला लागली. माझी पाठ शेकत व्हती, बाकाखालचा भारा बी तापत व्हता. तेवढ्यात मला आवाज आला. फुस्स. जरा थांबून परत, फुस्स. लांबलचक.

"कुंडलिकराव, हवा जातीया चाकाची," मी हाळी दिली.

गाडी थांबली. कुंडलिक उतरला, चारी चाकांना लाथा मारून आला. "टाईट हायती आजी. काय न्हाय."

"आरं, ऐकलं की मी."

"आये, बस गं गप," नागेश म्हणला.

बसले गप. पण माझं मन काय थाऱ्यावर नव्हतं. गाडी चालली की आवाज ऐकू येईना, गाडी हळू झाली की यायचा. मी स्वरालीला म्हणलं, पुढच्या शिटावर बस, खिडकीपाशी. का म्हणलं ते मलाच ठाऊक न्हाय. ती गेली, खिडकीतनं बघता बघता दोन शिटांच्या बाकड्यावर आडवी झाली आणि झोपली. आमच्या दोघींच्या मधी बसचा मोकळा पट्टा, इतका अरुंद की हात लांबवला तर तिच्या झग्याला लागावा. पण हात लांबवायला मला आधी उठून बसावं लागणार, आणि त्येलाच माझी बोंब.

एका टेकाडापाशी रविराजनं हात वर केला. गाडी थांबली. टेकाडापलीकडं हरणांचा कळप व्हता. त्यो कुजबुजला, "इथून नीट दिसणार नाही. आवाज न करता खाली उतरा."

"उतरायचं न्हाय म्हणलं व्हतं की," मी म्हणलं.

"आये, पाचच मिंटं. तू बसशील ना?"

"न्हाय, फुगडी खेळते."

सुकन्यानं झोपलेल्या पोरीवर शाल टाकली आणि ती बी गेली. कुंडलिक बिडी घिऊन उतरला. बघता बघता सगळी बस रिकामी. टेकाडावर सगळी पाठमोरी उभी, आणि वारा असला की गवताची सळसळ थांबंना.

मग बाकाखालचं पाचट वाजलं.

आधी उंदीर वाटला. मग पाचट दबत दबत वाजलं, काय तरी जड त्यातनं सरकत यावं तसं. मी बाकावरनं मान वाकडी करून खाली बघितलं. तपकिरी अंग, पाठीवर काळ्या गोल ठिपक्यांची माळ. मनगटाएवढं जाड. भाऱ्यातनं निघालं, पट्ट्यावर आलं आणि उन्हाच्या पट्टीत वेटोळं घालून बसलं. माझ्या आणि पोरीच्या बरोब्बर मधी. फुस्स.

ते काय व्हतं ते मला लगीच कळलं. पण आमच्या मेंढरांच्या वाड्यावर लहानपणापासनं शिकवलेलं, त्याचं नाव घ्यायचं न्हाय. नाव घेतलं म्हंजे हाक मारली. माझी आय म्हणायची, "जनावर म्हण. लांबडं म्हण. त्याला त्याच्या नावानं बोलवू नगं." सारा जन्म मी त्याला जनावर म्हणलंय. दुसरा शब्द माझ्या जिभेवर कधी चढलाच न्हाय. आणि ते डोळ्यापुढं बसलेलं असताना तर कोण चढवणार?

काच अर्धीच उघडत व्हती. मी तोंड काचंला लावलं. "नागेश! जनावर! जनावर हाय रं!"

नागेश वळला. आणि तोंडावर बोट ठिवलं.

"आरं जनावर! जनावर!"

वाऱ्यानं बाकीचं सगळं खाल्लं, तेवढाच एक शब्द पोचवला. सुकन्या हसली, माझ्याकडं बघून मान हलवली, व्हय व्हय, आमाला बी दिसलं. रविराजनं दोन्ही हात खाली दाबले, हळू, हळू. मी काचंवर बुक्की मारली. माझ्या त्या बोंबलण्यानं टेकाडापलीकडची हरणं उधळली असावीत, कारण सगळी एकदम हळहळली. एक टोपीवाला माणूस माझ्याकडं हात करून नागेशला काय तरी बोलला. काय बोलला असंल ते मला न ऐकता कळलं. आणि माझ्या पोटच्या पोरानं माझ्याकडं पाठ फिरवली.

मला त्या घडीला जनावराचं भ्या वाटलं न्हाय, इतका राग आला. मुडद्या, म्हणलं, तुझी आय हाय मी. येडी न्हाय झाले अजून.

"आजी."

पोरगी उठली व्हती. शाल बाजूला, केस डोळ्यावर. माझ्या ओरडण्यानंच जागी झाली.

"स्वराले, हलू नगं. पाय वर घे. जनावर हाय."

मेल्या जिभंला दुसरं काय सुचू ने? पोरीचा चेहरा कसा फुलला काय सांगू. सगळा आठवडाभर ज्याची वाट बघितली ते आलं म्हणून डोळं लखलखलं.

"जनावर? कुठंय आजी? मला बघू दे!"

"न्हाय, न्हाय, पाय खाली टाकू नगं! जनावर हाय गं!"

"मला बघायचंय!" म्हणत ती शिटावरनं सरकली. एक पाय खाली लोंबला. अनवाणी पाय, वाळा घातलेला. वाळा वाजला आणि वेटोळं घट्ट झालं, तोंड मागं गेलं.

"साप!"

कुठनं आवाज निघाला ते मला म्हाईत न्हाय. "साप! स्वराले, साप! साप हाय गं तितं, साप!"

पोरगी जागच्या जागी थिजली. पाय तसाच लोंबता. मी बाक धरला, आडवा पाय हातानं उचलून खाली टाकला, आत सळईनं हाड खरवडल्यावानी कळ उठली. वाकर हाताला लागला तो तसाच पुढं ढकलला, पोरीच्या पायाच्या आणि त्याच्या मधी, आणि त्याच्यामागं मी सगळीच्या सगळी खाली पडले. ते वाकराच्या दांडीवर आपटलं. टण्ण वाजलं. मग वळलं आणि माझ्या उजव्या हाताला, अंगठ्याच्या मागं, डसलं.

तापलेला चटका बसावा तसं झालं. मी हात झटकला, ते सळसळत परत भाऱ्यात शिरलं.

साप हा शब्द मात्र वाऱ्यानं खाल्ला न्हाय. सगळी पळत आली. नागेश पहिला. त्यानं पोरीला अर्ध्या खिडकीतनंच बाहेर ओढून घेतलं, कुंडलिकनं मागचं दार उघडून भारा आणि मोळी काठीनं बाहेर ओढली आणि लांब भिरकावली. रविराज पांढराफटक पडला व्हता. "आजी, कसा होता? कसा दिसत होता?"

"घोणस," मी म्हणलं. आता एक नाव घेतलंय, दुसऱ्याला काय भ्यायचं.

"मारा गाडी बारामतीला!" त्यो ओरडला. एका जनावरासाठी ओरडू नगा म्हणणारा पोरगा, त्याचा आवाज माळावर घुमला.

मला त्यांनी पट्ट्यावरच आडवं ठिवलं. गाडी मुरमाच्या वाटंनं अशी उडत व्हती की टाळू फुटंल असं वाटावं. स्वरालीला मी मागितलं, तिचे दोन्ही पाय हातानं चाचपले, घोट्यापासनं बोटांपतोर. कायबी न्हाय. मग मी पहिल्यांदा श्वास सोडला. नागेश माझ्या डोक्याशी बसून रडत व्हता. "आये, मला वाटलं तू हरणाचं सांगतीयास. आये, मला वाटलं..."

"तुला वाटलं ते वाटलं. आता रडून मला भ्या घालू नगं," मी म्हणलं. पण खरं सांगते, मी त्याचा हात माझ्या कपाळावरनं काढला. त्या टायमाला मला त्याचा हात नको व्हता.

मोरगावच्या अलीकडंच हात सुजायला लागला. बघता बघता मनगट भरलं, कातडं तकाकायला लागलं, आणि माझ्या हिरव्या बांगड्या आत रुतल्या. बोटं काळी-निळी. रविराज म्हणला, "बांगड्या... बांगड्या आधी काढायला हव्यात. रक्त अडतंय." साबण न्हाय, तेल न्हाय, आणि सुजलेल्या हातातनं काढता येतील तर शपथ. सुकन्यानं ओढून बघितलं. मी किंचाळले.

तिनं हात मागं घेतला. बस हलत व्हती, आणि ती नुसती माझ्या हाताकडं बघत बसली. माझा मालक जिता हाय. घरी माझी वाट बघत उसाला पाणी देत असंल. त्याच्या नावाच्या बांगड्या, आणि त्या मोडायच्या. शेवटी रडवेल्या आवाजात म्हणली, "आत्याबाई... वाढवू का?"

आमच्यात बांगडी फुटत न्हाय. बांगडी वाढती. दिवा वाढतो, कुकू वाढतं, नारळ वाढतो. वाईट ते सगळं आमी वाढवतोच.

"न्हाय," मी म्हणलं. जीभ जड व्हायला लागली व्हती, ओठाला मुंग्या येत व्हत्या, आणि मला मरायचं नव्हतं. भलत्या माळावर, भलत्या गाडीत, पोरीच्या डोळ्यादेखत मला मुळीच मरायचं नव्हतं. "वाढव न्हाय, सुकन्या. फोड म्हण. नीट म्हण."

"आत्याबाई, अपशकुन..."

"फोड म्हण!"

तिनं डोळं मिटलं. "फोडते," ती म्हणली. मग माझा हात शिटाच्या लोखंडी दांडीवर धरला आणि वाकराच्या मुठीनं एकेक बांगडी फोडायला लागली.